तुसाची राख आणि सिमेंटचं परमिट

1 नोव्हेंबर 1956 रोजी राज्यांच्या सीमा नव्यानं आखल्या गेल्या, तेव्हा मुधोळ तालुक्याचे दोन तुकडे झाले. निजामाच्या राज्यात हा तालुका नांदेड जिल्ह्यात होता. पुनर्रचनेच्या कायद्यानं मुधोळ, भैंसा आणि कुबेर ही तीन सर्कलं आदिलाबाद जिल्ह्याला जोडून आंध्र प्रदेशात घातली आणि धर्माबादकडचा भाग नांदेडबरोबर मुंबई राज्यात गेला. त्याच कायद्यात उलटी देवाणही होती. आदिलाबादचे किनवट आणि राजुरा हे तालुके मराठी मुलखात आले आणि राजुरा पुढे चांदा जिल्ह्याला जोडला गेला. मुधोळच्या मराठी घरांसाठी मात्र कचेरीची भाषा तेलुगू झाली. 2016 च्या ऑक्टोबरात जिल्हा पुन्हा बदलला आणि मुधोळ नव्या निर्मल जिल्ह्यात गेलं.

सीमा आखताना भाषेचे आकडे समोर होते, जमिनीखालचा खडक त्या हिशेबात नव्हता. पैनगंगेच्या दोन्ही अंगांना, राजुऱ्याकडे आणि आदिलाबादकडे, चुनखडीचे जाड थर पसरलेले आहेत. चुनखडी म्हणजे सिमेंटचा कच्चा माल. 1983 साली जुन्या राजुरा तालुक्यातल्या आवारपूरला लार्सन अँड टुब्रोचा सिमेंट कारखाना सुरू झाला आणि 1984 साली आदिलाबादला केंद्र सरकारच्या सिमेंट कॉर्पोरेशनचा. मुधोळच्या वाट्याला चुनखडी आली नाही. त्याच्या वाट्याला काळी जमीन होती, तिच्यात कापूस, ज्वारी, तूर, आणि गोदावरीच्या बाजूला साळ.

या मुलखाचा इतिहास सांगताना आपण बासरची सरस्वती सांगतो, निजामाची राजवट सांगतो, रझाकारांचा काळ सांगतो. घरं कशाची बांधली आणि ती कशी बदलली, हे फारसं कुणी लिहीत नाही. मला तो इतिहास महत्त्वाचा वाटतो. त्यातलं एक प्रकरण असं आहे की देशात सिमेंटची टंचाई असताना शेतातल्या टाकाऊ तुसापासून सिमेंट करण्याची विद्या तयार झाली होती. ती आपल्या अंगणात येऊ शकली असती. आली नाही. असं का झालं, याची उत्तरं प्रयोगशाळेत थोडी आणि सरकारी कचेरीत जास्त सापडतात.

पिकाचा टाकाऊ भाग भिंतीत घालणं ही मुळात नवी गोष्ट नाही. पन्नास-साठ वर्षांपूर्वीपर्यंत मराठवाड्याच्या या टोकाला गरिबाचं घर कुडाचं असे. तुरीची रास झाली की तुराट्या, कापूस वेचून झाला की पळाट्या. त्यांचे ताटवे उभे करायचे, आडव्या काड्यांनी बांधायचे आणि दोन्ही बाजूंनी शेणमातीनं लिंपायचे. जरा बऱ्या घराला मातीच्या भिंती आणि वर माळवद: लाकडी सरे, त्यांवर किलच, त्यावर पाल्याचा थर आणि वर पांढरी माती. भिंतीची माती नुसती कधी वापरत नसत. तिच्यात गव्हाचा भुसा किंवा साळीचं तूस घालून, पाणी सोडून, पायांनी तुडवून तो गारा काही दिवस मुरत ठेवायचा. काडीमुळे माती वाळताना तडकत नाही, भिंत हलकी होते आणि उन्हाळ्यात आतली खोली निवते.

हीच विद्या फार वरच्या दर्जाला नेऊन अजिंठ्याच्या चित्रांखालचा गिलावा केला गेला. त्या मातीत साळीचं तूस आणि वनस्पतींचे धागे आहेत, हे पुरातत्त्व रसायनशास्त्रज्ञांनी विसाव्या शतकातच नोंदवलं. वेरूळचा शोध त्याहून ताजा आहे. 2016 साली पुरातत्त्व सर्वेक्षण विभागाचे राजदेव सिंह आणि औरंगाबादच्या विद्यापीठाच्या वनस्पतिशास्त्र विभागातले सरदेसाई यांनी तिथल्या मातीच्या गिलाव्यात भांगेच्या झाडाचे तुकडे ओळखले. कीड आणि दमट हवा यांना तोंड देत तो गिलावा हजार वर्षांहून जास्त टिकला, आणि त्यात या झाडाच्या चिवट धाग्यांचा वाटा आहे, असं त्यांचं म्हणणं. दोन्ही लेणी निजामाच्या राज्यात होती. 1920 नंतरच्या दोनेक वर्षांत निजाम सरकारनं अजिंठ्याच्या चित्रांची डागडुजी करायला इटलीहून चेक्कोनी आणि ओर्सिनी हे तज्ज्ञ आणवले होते. चित्र टिकवण्यासाठी साता समुद्रापारचे लोक आले. चित्राखालच्या तुसाकडे लक्ष जायला आणखी वेळ लागला.

दगडी कामाला माती चालत नाही, तिथं चुना लागे. गावाबाहेर चुन्याची घाणी असे. गोल चरात दगडी चाक, त्याला बैल. भिजवलेला चुना, वाळू आणि सुरखी एकत्र मळली जाई. सुरखी म्हणजे भाजलेल्या विटांची पूड. त्यात गूळ, बेलफळाचा गर, हिरड्याचं पाणी घालण्याचे प्रत्येक गवंड्याचे आपापले हिशेब असत. सुरखीचं काम काय होतं ते नीट पाहायला हवं, कारण पुढची सगळी कथा त्यावर उभी आहे. नुसता चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड घेत हळूहळू घट्ट होतो आणि पाण्याखाली जवळजवळ घट्ट होतच नाही. पण त्याला भाजलेल्या मातीतली सिलिका मिळाली, तर पाण्याच्या साक्षीनं दोघांची गाठ पडते आणि दगडासारखा पदार्थ बनतो. रोमन लोकांनी हेच काम नेपल्सजवळच्या पोझ्झुओली गावच्या ज्वालामुखी राखेकडून करून घेतलं, म्हणून अशा पदार्थांना जगभर पोझोलाना म्हणतात. आपल्याकडे ते काम वीट करत होती.

आता साळीकडे. भाताचं झाड जमिनीतल्या पाण्यात विरघळलेली सिलिका मुळांनी ओढून घेतं आणि तिचा मोठा साठा दाण्याच्या टरफलात करतं. म्हणूनच तूस गुरं खात नाहीत, उकिरड्यावर ते लवकर कुजत नाही आणि हाताला खरखरीत लागतं. हिशेब साधा आहे. 100 किलो साळ भरडली की सुमारे 20 किलो तूस निघतं. ते जाळलं की 4 किलोच्या आसपास राख राहते. त्या राखेत 85 ते 95 टक्के सिलिका असते. म्हणजे चुन्याला जी जोड हवी असते, ती भाताच्या टरफलात जवळजवळ शुद्ध स्वरूपात भरलेली आहे.

आणि साळ या मुलखाला भरपूर मिळाली. मांजरा नदीवर 1923 ते 1931 या काळात अली नवाज जंग यांच्या देखरेखीखाली निजामसागर धरण झालं. त्याच्या कालव्यांवर बोधन-निजामाबादचा पट्टा साळीचा आणि उसाचा झाला. 1937 साली बोधनला निजाम शुगर फॅक्टरी उभी राहिली, एके काळी आशियातल्या मोठ्या साखर कारखान्यांत तिची गणना होई. पुढे पोचमपाडला गोदावरीवर श्रीरामसागर धरण झालं आणि त्याचं पाणी मागे बासरपर्यंत फुगलं. मुधोळहून दिवसभरात जाऊन येता येईल एवढ्या अंतरात भाताच्या गिरण्यांचं तूस, उसाचं चिपाड आणि कापसाच्या पळाट्या असे तिन्ही ढीग होते. गिरणीवाल्यांना तुसाची अडचण होत असे. तेलुगू बोलणारे हमाल त्याला ऊक म्हणतात. ती ऊक गिरणीमागे पडून राही, वाऱ्यानं उडे, कधी पेटवून दिली जाई आणि कित्येक दिवस धुमसत राही.

याच काळात घरं बदलत होती. सिमेंटचा गिलावा, सिमेंटची फरशी, मग स्लॅब. ज्याला चार पैसे मिळाले त्यानं माळवद पाडून स्लॅब टाकला. यात दिखावा होता असं म्हणणं मला अन्यायाचं वाटतं. माळवद दर पावसाळ्याआधी राबवून घेतं, कुडाला वाळवी लागते, मातीच्या भिंतीत विंचू-साप राहतात. सिमेंटनं बायकांचे सारवणाचे कष्ट कमी केले. लोकांना सिमेंट हवं होतं आणि तसं वाटण्याला सबळ कारण होतं.

पण सिमेंट मिळत नव्हतं. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात त्याच्या किमतीवर आणि वाटपावर सरकारी नियंत्रण आलं. 1966-67 ही दोन वर्षं सोडली, तर ते जवळजवळ चार दशकं टिकलं. सरकारनं ठरवलेल्या भावात नवा कारखाना काढणं परवडत नसे, म्हणून कारखाने वाढेनात. कारखाने वाढेनात म्हणून माल कमी, आणि माल कमी म्हणून वाटपाचे अधिकार कचेरीच्या हाती. सत्तरच्या दशकात ही टंचाई शिगेला पोचली. परदेशातून सिमेंट आणावं लागलं. सामान्य माणसाला तहसील कचेरीत अर्ज करायचा, परमिटची वाट पाहायची आणि परमिट आलं तरी दुकानात माल असेलच असं नाही. ज्याला थांबणं शक्य नव्हतं तो काळ्या बाजारात जाई आणि तिथं मिळणाऱ्या पोत्यात काय भरलंय याची खात्री नसे. सिमेंटमध्ये राख मिसळण्याचा धंदा याच काळात फोफावला. ही गोष्ट मला फार मोठी वाटते. राख चांगल्या कामाची असू शकते हे शास्त्रज्ञ सांगू लागले, नेमक्या त्याच वर्षांत गवंड्यांच्या आणि घरमालकांच्या मनात राख म्हणजे भेसळ हे समीकरण पक्कं झालं.

महाराष्ट्रात या टंचाईनं सरकार हलवलं. 1980 च्या जूनमध्ये अब्दुल रहमान अंतुले मुख्यमंत्री झाले. सिमेंटचं वाटप करताना बिल्डरांकडून इंदिरा गांधी प्रतिभा प्रतिष्ठान या ट्रस्टला देणग्या घेतल्या जातात, असा आरोप 1981 साली इंडियन एक्सप्रेसमधून अरुण शौरी यांनी मांडला. 12 जानेवारी 1982 रोजी मुंबई उच्च न्यायालयात न्यायमूर्ती बख्तावर लेंटिन यांनी सिमेंटचं वाटप आणि देणग्या यांचा संबंध असल्याचा निष्कर्ष काढला आणि त्याच महिन्यात अंतुल्यांना पद सोडावं लागलं. पुढचे खटले कित्येक वर्षं चालले. दगडाची भुकटी आणि चिकणमाती भाजून केलेल्या एका करड्या पुडीवर राज्याचा मुख्यमंत्री गेला, यावरून त्या पुडीला तेव्हा काय मोल होतं ते कळतं.

टंचाईच्या त्या सत्तरच्या दशकातच तुसाच्या राखेवर जगभर काम चाललं होतं. कॅलिफोर्नियातल्या बर्कली विद्यापीठात पोविंदर कुमार मेहता हे मूळचे भारतीय प्राध्यापक होते. काँक्रीटच्या शास्त्रात त्यांचं नाव फार मोठं. तुसाची राख प्रत्येक वेळी सारखी वागत नाही, एखादी चुन्याशी पटकन गाठ मारते आणि दुसरी वाळूसारखी नुसती पडून राहते, याचं कारण जाळण्याच्या तापमानात आहे हे त्यांनी उलगडून दाखवलं. सुमारे 700 अंश सेल्सिअसच्या आत जाळलं तर सिलिका अस्ताव्यस्त, स्फटिक न झालेल्या रूपात राहते आणि अशी राख अतिशय क्रियाशील असते. जाळ त्याहून फार चढला, फार वेळ टिकला, तर सिलिकाचे स्फटिक बनतात. मग राख पांढरीशुभ्र दिसते पण कामाची उरत नाही, शिवाय तिची धूळ फुप्फुसांना घातक ठरते. कमी जाळली तर कोळसा राहून ती काळी पडते. पिट नावाच्या अमेरिकी तंत्रज्ञानं नियंत्रित ज्वलनाची भट्टी बनवली होती, तिच्या राखेवर मेहतांनी काम केलं आणि सत्तरच्या दशकात या पद्धतींची पेटंट निघाली.

अमेरिकेतली ती भट्टी मोठी आणि महाग होती. भारतात प्रश्न वेगळा होता: गिरणीच्या आवारात, थोडक्या भांडवलात हे होईल का? शूमाखरचं ‘स्मॉल इज ब्यूटिफुल’ 1973 साली आलं होतं आणि लहान प्रमाणावरच्या तंत्रज्ञानाची हवा होती. 1974 साली बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत अमूल्य रेड्डींनी ग्रामीण तंत्रज्ञानाचं ‘अस्त्र’ हे केंद्र सुरू केलं, तिथं चुना आणि राख यांच्या मिश्रणांवर काम झालं. कानपूरच्या आयआयटीत पी. सी. कपूर यांनी तुसाची राख आणि चुना यांपासून ‘अॅशमोह’ नावाचं जोडद्रव्य तयार केलं आणि तूस जाळण्यासाठी जाळीच्या टोपलीची साधी भट्टीही बनवली.

मला या सगळ्यांत रुरकीच्या केंद्रीय बांधकाम संशोधन संस्थेची पद्धत सर्वांत देखणी वाटते. साखर कारखान्यात किंवा कागदाच्या गिरणीत चुन्याचा ओला गाळ टाकाऊ म्हणून निघतो. तो गाळ आणि तूस एकत्र मळायचं, त्याच्या वड्या थापायच्या, उन्हात वाळवायच्या आणि भट्टीत रचून पेटवायच्या. तूस स्वतःच इंधन. त्याच्या आचेवर गाळाचा चुना होतो आणि जळून त्याचीच राख उरते. दोन्ही एकत्रच हाती येतात, मग फक्त दळायचं. बाहेरून कोळसा नाही, चुनखडीची खाण नाही. टाकाऊ अधिक टाकाऊ, आणि त्यातून विटा जोडायचा मसाला. साखर कारखाना आणि भाताच्या गिरण्या शेजारी शेजारी असलेला मुलूख यासाठी हवा होता. बोधनचा परिसर डोळ्यांसमोर आणा.

1979 साली पेशावरला संयुक्त राष्ट्रांच्या संस्थांनी तुसाच्या राखेच्या सिमेंटवर खास कार्यशाळा भरवली, आशियातले भात पिकवणारे देश जमले. त्याच वर्षी मलेशियातल्या अलोर सेतारला पुढची बैठक झाली. चुना आणि पोझोलाना यांच्या मिश्रणासाठी भारतीय मानक 1967 पासून होतंच. म्हणजे ज्ञान होतं, माल होता, गरज होती, कागदावर मान्यताही होती.

तरी हे सिमेंट बाजारात टिकलं नाही. त्याची कारणं तंत्रात थोडी आहेत. चुना-राखेचा मसाला हळू घट्ट होतो. विटांच्या जोडकामाला, गिलाव्याला, पायाला तो उत्तम, पण लोकांना हवा होता स्लॅब, आणि सळई घातलेल्या स्लॅबला तो चालत नाही. राखेचा प्रत्येक घाणा सारखा निघावा यासाठी भट्टीवर जाणता माणूस हवा, दळायला बॉल मिल हवी आणि मिलला वीज हवी. सत्तरच्या दशकातल्या तालुक्याच्या गावी वीज कधी असे आणि कधी नसे, हे ज्यांनी अनुभवलं त्यांना सांगायला नको. चुना भाजणारे, घाणीवर मळणारे, सुरखीचं माप जाणणारे लोकही तोवर दुसऱ्या धंद्यांत गेले होते. जुन्या विद्येचा दोरा तुटला होता आणि नवी विद्या तिच्या टोकाला बांधायची होती.

मोठं कारण मात्र 28 फेब्रुवारी 1982 ला घडलं. केंद्र सरकारनं सिमेंटवरचं नियंत्रण अर्धवट उठवलं. जुन्या कारखान्यांनी सुमारे दोन-तृतीयांश माल लेव्हीच्या, म्हणजे सरकारनं ठरवलेल्या, भावानं सरकारला द्यायचा आणि उरलेला खुल्या बाजारात विकायचा. नव्या कारखान्यांना लेव्ही त्याहून कमी. नवे कारखाने झपाट्यानं उभे राहिले. आवारपूर 1983, आदिलाबाद 1984, या तारखा आता वेगळ्या दिसतात. 1 मार्च 1989 ला नियंत्रण पूर्ण गेलं. टंचाई संपली आणि टंचाईवर उभं राहिलेलं सगळं संशोधन एका रात्रीत अनाथ झालं. तुसाच्या सिमेंटचा विचार आम्ही केला तो सिमेंट नाही म्हणून. ते चांगलं आहे, ते आपल्या मुलखातलं आहे, त्याला खाण लागत नाही, ही कारणं कुणी पुढे केलीच नव्हती. सिमेंट दुकानात दिसू लागताच तूस पुन्हा गिरणीमागे गेलं. या प्रकरणातलं मला सर्वांत बोचणारं ते हेच. खुल्या बाजारानं आदिलाबादच्या सरकारी कारखान्यालाही वाचवलं नाही; नव्वदच्या दशकात तोही तोट्यात जाऊन बंद पडला.

तुसाच्या या गोष्टीशेजारी दगडी कोळशाच्या राखेची गोष्ट ठेवून पाहण्यासारखी आहे. औष्णिक वीज केंद्रांची राख, म्हणजे फ्लाय अॅश, हीसुद्धा पोझोलानाच. रामगुंडम, परळी, चंद्रपूर सगळीकडे तिचे डोंगर होते. तिच्यासाठी 1999 च्या सप्टेंबरात केंद्रीय पर्यावरण मंत्रालयानं अधिसूचना काढली आणि वीज केंद्रांच्या आसपासच्या ठराविक अंतरातल्या वीटभट्ट्यांना ती वापरणं बंधनकारक केलं. आज आपण दुकानातून आणतो त्या बहुतेक पोत्यांवर पीपीसी, म्हणजे पोर्टलँड पोझोलाना सिमेंट, लिहिलेलं असतं आणि त्यात ही राख असते. भेसळ म्हणून कुणी ओरडत नाही. ही राख एकाच चिमणीखाली हजारो टनांनी मिळते, तिचा मालक एक असतो आणि त्याच्याशी करार करता येतो. तुसाची राख शंभर गिरण्यांत विखुरलेली. तिच्यासाठी अधिसूचना नाही. पुढच्या वर्षी आलेल्या काँक्रीटच्या भारतीय मानकात, आयएस 456:2000 मध्ये, तुसाच्या राखेचं नाव आहे खरं, पण निर्णय घेणाऱ्या अधिकाऱ्याची संमती असेल तर वापरावी अशा शब्दांत. तालुक्याच्या ठिकाणचा कोणता अभियंता अशी संमती आपल्या सहीनं देईल?

विसाव्या शतकाच्या शेवटी तुसाच्या राखेकडे वळायचं एक नवीन कारण पुढे आलं, हवामानाचं. सिमेंटचा क्लिंकर, म्हणजे दळण्याआधीचा खडा, सुमारे 1450 अंशांवर भाजावा लागतो. त्यातून बाहेर पडणाऱ्या कार्बन डायऑक्साइडचा निम्म्याहून अधिक भाग इंधनाचा नसून खुद्द चुनखडीच्या पोटातला असतो, म्हणजे भट्टी कितीही सुधारली तरी तो सुटणारच. मग क्लिंकर कमी वापरणं हाच मार्ग उरतो. तुसाच्या चांगल्या राखेनं 10 ते 20 टक्के सिमेंटची जागा घेता येते आणि काँक्रीट उलट जास्त घट्ट, कमी पाझरणारं होतं. 50 किलोच्या पोत्यात 15 टक्के राख म्हणजे साडेसात किलो, आणि तेवढ्या राखेमागे जवळजवळ दोन क्विंटल साळ. निजामाबादच्या मोंढ्यात हंगामात काय आवक होते ते ज्यानं पाहिलं आहे, त्याला हे प्रमाण अवघड वाटणार नाही.

मराठी मुलखात यावर नेटानं काम झालं ते नागपूरच्या विश्वेश्वरय्या राष्ट्रीय तंत्रज्ञान संस्थेत. राहुल रालेगावकर, सचिन मांडवगणे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2010 नंतरच्या काही वर्षांत एकामागून एक टाकाऊ पदार्थ हाती घेतले. कागद गिरणीचा गाळ आणि कापसाचा टाकाऊ भाग यांत केवळ 10 टक्के सिमेंट घालून हलक्या विटा केल्या. तुसाची राख घेतली. साखर कारखान्यातल्या चिपाडाची राख, दगडखाणीची भुकटी आणि चुना यांच्या विटा केल्या, त्यांना भट्टीच लागत नाही. 2013 साली मंगेश मदुरवार, रालेगावकर आणि मांडवगणे यांनी शेतीच्या टाकाऊ पदार्थांपासून होणाऱ्या बांधकाम साहित्याचा जो आढावा प्रसिद्ध केला, त्याचा दाखला आज जगभरचे संशोधक देतात. विदर्भाच्या पूर्वेला भाताच्या गिरण्या आणि पश्चिमेला कापूस, त्यामुळे हे काम नागपुरात होणं साहजिकच होतं.

तेलंगणातही एक पाऊल पडलं. हैदराबादच्या आयआयटीच्या कंदी इथल्या आवारात 2021 च्या सप्टेंबरात सुरक्षा रक्षकाची एक छोटी खोली उघडली गेली, ती बायो-ब्रिकची. प्रियव्रत राउतराय आणि त्यांच्या साथीदारांनी बनवलेल्या या विटेत पिकाचा बारीक केलेला टाकाऊ भाग चुन्याच्या मसाल्यात कालवून साच्यात ठोकून भरतात आणि महिनाभर वाळू देतात. ती पक्क्या विटेपेक्षा कितीतरी हलकी असते, भार पेलत नाही, म्हणून लाकडी किंवा लोखंडी सांगाड्यात भरावी लागते. पळाट्याही तिच्यात चालतात. मुधोळचं कुडाचं घर ज्यानं पाहिलंय त्याला ही रचना ओळखीची वाटेल: सांगाडा, त्यात काडी, वर लेप.

राख आणि काडी यांत मात्र फरक आहे आणि तो उत्साहाच्या भरात विसरला जातो. राखेत फक्त खनिज उरतं. काडीत साखर असते, टॅनिन असतं. गवंड्यांना हे पिढ्यान्‌पिढ्या माहीत आहे की चुन्यात गूळ घातला तर काम चांगलं होतं आणि सिमेंटमध्ये थोडीशी साखर पडली तरी ते बसत नाही. उसाचं चिपाड किंवा पळाटी कच्चीच सिमेंटमध्ये घातली तर नेमकं हेच होतं. म्हणून ती आधी गरम पाण्यात किंवा चुन्याच्या निवळीत भिजवून धुवावी लागते. शिवाय सिमेंटच्या अल्कधर्मी अंगात धागा वर्षांमागून वर्षं झिजत जातो. कंदीच्या विटेत सिमेंटऐवजी चुना आहे.

तंत्राच्या पलीकडे आणखी एक गोष्ट आहे आणि माझ्या मते पुढचा निकाल तिच्यावरच लागणार आहे. 1979 साली ज्याला टाकाऊ म्हणत होते ते आता टाकाऊ राहिलेलं नाही. उकडा तांदूळ करणाऱ्या गिरण्यांनी तूस आपल्याच बॉयलरला घातलं, वीटभट्ट्यांनी विकत घेतलं. आता तुसाला भाव आहे. बॉयलरमधून निघते ती काळी, कोळसा राहिलेली राख आणि तिलाही गिऱ्हाईक पोलाद कारखान्यांत आहे, वितळलेल्या लोखंडाची उष्णता टिकवायला ती वर पसरतात. उसाचं चिपाड सहवीजनिर्मितीला जातं. बोधनचा कारखाना तर 2015 च्या डिसेंबरात बंदच पडला. जी वस्तू फुकट म्हणून हिशेबात धरली होती ती फुकट नाही, हे लक्षात घेऊनच नवा हिशेब मांडावा लागेल.

पळाटीचं आणखी निराळं. मुधोळ-भैंशाच्या काळ्या जमिनीत कापूस हे मोठं पीक, आणि गुलाबी बोंडअळीमुळे, विशेषतः 2017 च्या प्रादुर्भावानंतर, हंगाम संपताच पळाट्या उपटून शेत मोकळं करा असा सल्ला कृषी खातं देतं. त्यामुळे बांधावर ढीग पेटतात. मुंबईच्या केंद्रीय कापूस तंत्रज्ञान संशोधन संस्थेनं, जी 1924 साली माटुंग्याला प्रयोगशाळा म्हणून सुरू झाली, पळाट्यांपासून पार्टिकल बोर्ड करून दाखवले आहेत. पण त्याच पळाट्या कित्येक घरांत चुलीचं वर्षभराचं सरपणही असतात. त्या वेचून, मोळ्या बांधून आणणारी बाई शेताची मालकीण असतेच असं नाही. रस्त्याच्या कडेला एखादा कारखाना पळाट्यांना क्विंटलमागे भाव देऊ लागला, तर शेतकऱ्याला दोन पैसे मिळतील आणि तिचं सरपण जाईल. शोधनिबंधांतल्या तक्त्यांत तिच्यासाठी रकाना नसतो. मुधोळसारख्या ठिकाणी असा कारखाना काढणाऱ्यानं पहिला प्रश्न तिला विचारावा: तुमच्या चुलीला आम्ही काय देणार?

आता उरते बॉयलरची राख, आणि माझी आशा तिच्यावर आहे. तूस जळतंच आहे, प्रश्न फक्त कसं जळतं एवढाच. बॉयलरचं ज्वलन नीट ठेवलं, राखेतला कोळसा कमी केला आणि ती दळून एकसारखी केली, तर पोलाद कारखान्याइतकंच मोठं दुसरं गिऱ्हाईक गिरणीच्या दारात उभं राहू शकतं. तेलंगण राज्य झाल्यापासून तिथली साळ प्रचंड वाढली आहे, गिरण्याही वाढल्या आहेत. बासरला राजीव गांधी विद्यापीठात अभियांत्रिकीची हजारो मुलं शिकतात, त्यांत स्थापत्यचीही आहेत. मुधोळहून ते अगदी जवळ. तिथल्या प्रयोगशाळेत निजामाबादच्या चार गिरण्यांची राख आणून, तिचे ठोकळे करून, 28 दिवसांनी यंत्रात दाबून पाहायला मोठं अनुदान लागत नाही. त्या ठोकळ्यांचे आकडे हाती असले, तर आयएस 456 मधल्या त्या कलमाखाली सही मागायला कार्यकारी अभियंत्याच्या कचेरीत जाता येईल.